सिंदखेड राजा येथील जाधवरावांचा वाडा आणि रंगपंचमीची कथा : एक चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवरावांचा वाडा राजमाता जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. त्यांचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी झाला असे मानले जाते. वाड्यातील रंगमहालाशी एक कथा निगडित आहे. रंगपंचमीच्या उत्सवात बाल शहाजी व बाल जिजा यांनी एकमेकांवर रंग उधळला. जोडा शोभून दिसतो, असे लखुजी कौतुकाने म्हणाले. मालोजी भोसल्यांनी भर सभेत तो शब्द सोयरिकीचा म्हणून धरला. जाधवरावांच्या पत्नीस हा संबंध कमीपणाचा वाटला व बोलणी फिसकटली. पुढे भवानीच्या कृपेने मालोजींस गुप्तधन लाभले, निजामशाहीत त्यांचा मानमरातब वाढला आणि विवाह पार पडला.

उत्तरकालीन बखरींतून ही कथा ग्रँट डफच्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात आली. तेथे प्रसंगाचे वर्ष १५९९ असून शहाजी पाच, तर जिजा तीन-चार वर्षांची आहे. वर दिलेली जन्मतिथी ग्राह्य धरल्यास त्या होळीस जिजा जेमतेम सव्वा वर्षाची ठरते. मूठभर रंग उधळण्याचे ते वय नव्हे! विवाहाचे सालही ग्रँट डफ १६०४ देतो, तर अन्यत्र ते सामान्यतः १६०५ मानले जाते. अर्थात, सनावळीतील चुकीमुळे संपूर्ण प्रसंगच कल्पित ठरतो असे नाही.

परंतु शिवकालीन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचे मौन अधिक बोलके आहे. त्यात रंगाचा प्रसंग नाही, अवमान नाही, गुप्तधनही नाही. योग्य वर पाहून जाधवराव आपली कन्या शहाजीस देतात. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने लिहिणारा कवी भोसल्यांच्या कमीपणाची गोष्ट टाळणारच, हा आक्षेप रास्त आहे. तथापि कथेतील गुप्तधनाचा भाग पाहता तिचा हेतू लपत नाही. सामान्य शिलेदाराचे घराणे राज्यकर्ते कसे झाले, हे सांगण्यासाठी उत्तरकालीन लेखकांना दैवी साहाय्य हवे होते. वास्तविक हा संबंध निजामशाहीच्या सेवेतील दोन मराठा सरदार घराण्यांचा होता, आणि त्यात वधूवरांच्या आवडीस त्या काळी वाव नव्हता.

त्याच ‘शिवभारता’त दोन्ही घराण्यांच्या वैराचा प्रसंग मात्र सविस्तर येतो. खंडागळे यांचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून झालेल्या चकमकीत लखुजींचे पुत्र दत्ताजी शहाजींचे चुलतबंधू संभाजी यांच्या हातून मारले गेले. पुत्रवधाने संतप्त झालेल्या लखुजींनी संभाजीस ठार केले आणि जावई शहाजीही घायाळ झाले. ज्या मुलीच्या सोयरिकीची गोड कथा वाड्यात सांगितली जाते, तिला माहेर व सासर यांच्यातील हा रक्तपात पाहावा लागला.

२५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात निजामशहाने लखुजींची दोन पुत्र व एका नातवासह हत्या करविली. लखुजींची भव्य समाधी सिंदखेड राजा येथेच आहे. त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.