झळाळी आणि झीज

अंगावरच्या अलंकारांत कानातल्या अलंकाराचे दैव काहीसे निराळे आहे. गळ्यातला हार सणासुदीला पेटीतून निघतो आणि कार्य आटोपले की पुन्हा पेटीत जातो. हातातल्या पाटल्या दिवसभर डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे त्यांच्यावर साचलेला मळ चटकन ध्यानी येतो. कुडी, बुगडी किंवा बाळी मात्र कित्येक घरांत महिनोन्‌महिने कानांतून उतरत नाही आणि जिच्या कानांत ती असते तिला ती आरशावाचून दिसतही नाही. केसांचे तेल, घाम, शिकेकाईचा किंवा साबणाचा फेस, चुलीचा धूर हे सारे तिच्या फिरकीत आणि मोत्यांच्या बेचक्यांत हळूहळू जमा होत राहते. म्हणूनच कानातले स्वच्छ कसे ठेवावे, हा प्रश्न भारतीय घरांत फार जुना आहे. वरवर पाहता तो क्षुल्लक, फावल्या दुपारचा. परंतु त्याच्या पोटी एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. सोने घासून लखलखीत करताना थोडे सोने जाते. ते किती जावे, आणि कोणाच्या पदरी जावे?

या निगेचा आरंभ दागिन्यापासून होत नाही. तो कानापासून होतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कर्णवेधाचा स्वतंत्र अध्याय आहे. बालकाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, मुलाचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी टोचावा, छिद्रात कापसाची वात घालून ते तेलाने भिजवावे आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालावी, असा क्रम तेथे सांगितला आहे. छिद्र वाढविताना पाळी तुटलीच, तर ती जोडण्याचे पंधरा प्रकारही त्याच अध्यायात वर्णिले आहेत. एवढ्या तपशिलाची गरज का पडावी, हे प्राचीन कर्णभूषणे पाहिली की उमगते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील सोन्याच्या कर्णभूषणांची एक जोडी आहे. ती आंध्र प्रदेशातील असावी, असे मानले जाते. तिच्यावर पंख असलेला सिंह आणि हत्ती घडविलेले असून सोन्याचे बारीक रवे बसवून कलाकुसर केली आहे. असे जड दागिने ताणून मोठ्या केलेल्या पाळीतच राहू शकत. जेथे बारीक रवाकाम असते तेथेच मळ अडकतो, आणि नेमके तेथेच घासणे धोक्याचे ठरते. कारागिराने ज्या जागी कौशल्य ओतलेले असते, ती जागा सर्वांत आधी झिजते.

हा धोका आपल्या पूर्वजांनी नीट ओळखला होता. म्हैसूरचे आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये कौटिल्याचे अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केले, तेव्हा राजनीतीबरोबरच सोनारकामावरील एक करडा अध्यायही अभ्यासकांच्या हाती आला. जुने दागिने दुरुस्त करताना किंवा तपासताना सोने काढून घेण्याच्या चार युक्त्या त्यात सांगितल्या आहेत: ठोकून तुकडा पाडणे, कापून घेणे, कोरून घेणे आणि चोळणे. यांतली चौथी युक्ती, परिमर्दन, सर्वांत सोज्वळ दिसणारी आहे. हरताळ, मनशीळ, हिंगूळ किंवा कुरुविंद यांची पूड कापडाला लावायची आणि त्या कापडाने दागिना चोळायचा. दागिना कोठे मोडत नाही, तुटत नाही, पण वजनाने घटतो. घरधनिणीच्या हाती तो परत येतो तेव्हा उलट अधिकच चकाकत असतो, आणि तिला आनंद होतो!

या युक्तीमागचे कारण आजच्या खनिजशास्त्राच्या भाषेत सहज सांगता येते. काठिण्याच्या दहा अंशांच्या मापावर शुद्ध सोन्याचे स्थान अडीच ते तीनच्या आसपास आहे, तर कुरुंदाचे नऊवर. चुलीची राख, विटेची पूड, दात घासण्याची भुकटी यांतही सोन्याहून कठीण कण असतात. ते सोन्यावर बारीक ओरखडे काढतात. वरचा निस्तेज थर जातो म्हणून झळाळी दिसते, परंतु त्या थराबरोबर सोनेही जाते. कौटिल्याने सोनारावर जी नजर ठेवली, तीच राखेने बाळ्या घासणाऱ्या हातावरही ठेवावयास हवी होती. तेथे चोरी करणारा कोणी नसतो, पण तूट तेवढीच असते.

ही तूट फुकट जात नाही, याची साक्ष सोनारआळीतली धूळ देते. सोनाराच्या दुकानातली राख आणि केर विकत घेऊन, धुऊन, त्यातले सोन्याचे कण वेगळे काढणाऱ्यांचा धंदाच आपल्याकडे होता. मराठीत त्याला झारेकरी म्हणतात, उत्तरेत न्यारिया. अबुल फजलच्या ‘आईन-ई-अकबरी’त टांकसाळीच्या कामगारांच्या यादीत झाडलोटीची धूळ नेऊन धुणाऱ्या माणसाचीही गणना केली आहे. ज्या केरावर एका माणसाचा संसार चालतो, त्या केरात अनेक घरांचे दागिने कणाकणाने मिसळलेले असतात. यात प्रत्येक सोनार अप्रामाणिक होता, असे समजण्याचे कारण नाही. सोने तापवताना, कापताना आणि उजळताना काही घट होतेच. म्हणून शहाण्या घरांत दागिना सोनाराकडे क्वचितच उजळायला जाई, आणि जाई तेव्हा तोलून जाई.

मग घरी काय करीत? येथे रिठ्याचे नाव घ्यावे लागते. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला दिलेले ‘सॅपिंडस’ हे नाव ‘भारतीय साबण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले आहे. रिठ्याच्या सालीत फेस आणणारे सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते तेलाचा थर सुटा करते, आणि त्यात खरखरीत कण नसल्याने सोन्यावर ओरखडा उठत नाही. दोन-तीन रिठे फोडून त्यांची साल कोमट पाण्यात भिजवावी, पाणी गाळून घ्यावे, बाळ्या काही वेळ त्यात बुडवाव्या, मऊ कुंचल्याने फिरकीतला मळ काढावा, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपावे, अशी ती पद्धत. हे सारे परातीत करावे आणि पाणी फडक्यातून गाळून मगच टाकावे. निसटलेली फिरकी किंवा निखळलेला खडा मोरीतून वाहून जाण्यापेक्षा फडक्यावर सापडलेला बरा.

हिऱ्याच्या कुड्यांना तर ही आंघोळ विशेष मानवते. हिरा हा जगातला सर्वांत कठीण नैसर्गिक पदार्थ. तरीही तो फार लवकर निस्तेज दिसू लागतो, कारण त्याला पाण्यापेक्षा तेलाचे आकर्षण अधिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील खाणींत याच गुणाचा उपयोग करून चरबी फासलेल्या फळ्यांवरून खडीचे पाणी वाहवीत. दगड वाहून जात आणि हिरे चरबीला चिकटून राहत. कानाजवळच्या केसांचे तेल कुडीच्या हिऱ्याला नेमके असेच चिकटते. कुंदनाच्या दागिन्याला मात्र बुडवून धुणे मारक आहे. त्यात खड्याखाली चकाकीसाठी पातळ वर्ख आणि पोकळीत लाख असते. पाणी आत शिरले की वर्ख काळवंडतो आणि खडा कायमचा आंधळा होतो. त्याला कोरडे मऊ कापड पुरे.

सर्वांत नाजूक प्रकरण मोत्याचे. मराठी कुडीचा सारा थाट मोत्यांवर उभा आहे, आणि पेशवाईतील पुरुषांच्या कानांच्या वरच्या भागात शोभणारी भिकबाळीही मोत्यांचीच. मोती म्हणजे शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून घडविलेला चुनखडीचाच एक प्रकार. त्याला आम्लाचे वावडे आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने क्लिओपात्राची जी प्रसिद्ध कथा सांगितली, तिच्यातला मोती कर्णभूषणातलाच आहे. एका भोजनात अमाप संपत्ती उडविण्याची पैज जिंकण्यासाठी राणीने कानातला मोती काढून शिर्क्यात विरघळवला आणि ती तो पिऊन गेली. त्याच्या जोडीच्या मोत्याचे पुढे दोन भाग करून रोमच्या पँथिऑनमधील व्हीनसच्या मूर्तीच्या कानांत ते घालण्यात आले, असे तो म्हणतो. कथेच्या खरेपणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शिर्क्यात अखंड मोती विरघळायला भोजनाहून बराच अधिक वेळ लागतो. पण विरघळतो, हे खरे. जे शिर्क्याचे, तेच लिंबाचे आणि चिंचेचे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना उजळणारी चिंच मोत्यावर पडली की त्याचे पाणी उतरते, आणि उतरलेले पाणी पुन्हा चढवता येत नाही.

तरीही मोती उजळविण्याचे अघोरी उपाय जगभर झाले. स्टॉकहोम येथे जतन केलेल्या, इजिप्तमधील ग्रीक भाषेतल्या एका प्राचीन हस्तलिखितात मळका मोती कोंबड्याला गिळायला द्यावा आणि मग कोंबडा कापून मोती परत घ्यावा, अशी कृती आहे. कोंबड्याच्या पोटातले आम्ल आणि खडे मोत्याचा वरचा थर खातात. खालचा थर ताजा दिसतो आणि मोती लहान होतो. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत मोती कोमट, खारट व तेलकट पाण्यात रात्रभर ठेवून कोरड्या वस्त्रात भाताच्या दाण्यांनी चोळावा, असे सांगितले आहे. परंतु ती कसोटी होती, खरा मोती तिच्यात रंग टाकीत नाही एवढेच पाहण्यासाठी. घेताना एकदा करावयाची परीक्षा दर महिन्याची निगा मानली, तर मोत्याचे आयुष्य घटल्यावाचून राहणार नाही. मोत्याला हवे ते एवढेच: कानांतून उतरताच ओलसर मऊ कापडाने घाम पुसणे, सावलीत सुकवणे आणि सोन्याच्या नगांपासून वेगळ्या मऊ पुरचुंडीत ठेवणे. अत्तर, तेल आणि पावडर आधी, मोती शेवटी, हा क्रमही त्यातलाच.

ही काळजी विसाव्या शतकात अधिक मोलाची झाली, त्याला कारण आहे. भारताच्या मोत्यांचा पुरवठा दोन समुद्रांतून होई, दक्षिणेकडे मन्नारच्या आखातातून आणि पश्चिमेकडे इराणच्या आखातातून. १६१४ मध्ये जहांगीर बादशहाने दुखण्यातून उठल्यावर अजमेरच्या ख्वाजांविषयीच्या श्रद्धेने कान टोचून मोती घातले, आणि दरबाऱ्यांनी त्याचे अनुकरण केले. पुढे एकोणिसाव्या शतकात आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती. त्यांनाच आपल्याकडे बसऱ्याचे मोती म्हणतात. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात संवर्धित अर्धगोल मोती मिळविला, त्यानंतर गोल संवर्धित मोती आले, आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत आखातातला मोती काढण्याचा धंदा खचला. त्यामुळे आजीच्या कुडीतला बसऱ्याचा मोती एकदा गेला की तसाच दुसरा बाजारात सहजी मिळत नाही.

सोन्यावरही एकदा अशीच वेळ आली होती. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. चौदा कॅरटमध्ये सोन्याचा वाटा सुमारे ५८ टक्के, बावीस कॅरटमध्ये सुमारे ९२ टक्के. तांबे आणि चांदी वाढली की दागिना लवकर काळवंडतो. बंदी पुढे सैल झाली, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. परंतु त्या वर्षांत जुन्या बावीस कॅरटच्या बाळ्या जपून वापरणे हाच शहाणपणा होता, आणि अगणित सोनार कुटुंबांनी त्या काळात रोजगार गमावला, हेही विसरता येत नाही.

आज परिमर्दनाचे रूप बदलले आहे. दारोदार फिरून दागिने ‘पॉलिश’ करून देणारा भामटा एका वाटीत द्रव घेऊन येतो. त्यात तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, म्हणजे अम्लराज असले, तर बाळ्या चमकून निघतात आणि त्यांचे सोने वाटीत राहते. सरकारने १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा केला. परंतु दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या जिनसा त्या सक्तीतून वगळल्या. लहान मुलींच्या कित्येक बाळ्या याच वजनाच्या असतात. हॉलमार्क शुद्धतेची हमी देतो. वजनाची राखण घरालाच करावी लागते.

कौटिल्याने सोनारासाठी एक नियम घातला होता. दागिना ज्या वजनाचा आणि ज्या रंगाचा घेतला, तसाच तो परत द्यावा. कितीही काळ लोटला तरी त्यात फरक पडू नये. सूट एकच होती, नैसर्गिक झिजेची. वापराने वस्तू झिजते, हे त्या कठोर शास्त्रकाराने मान्य केले होते. घरातल्या निगेलाही हाच नियम लागू पडतो. बाळी विकत घेतली त्या दिवशी तिचे वजन लिहून ठेवावे आणि वर्षाकाठी एकदा, रिठ्याच्या पाण्याने धुऊन पुसल्यावर, ती पुन्हा तोलावी. आरसा झळाळी दाखवील. झीज मात्र तराजूच सांगेल.