वसईचे दोन तह

गेल्या हिवाळ्यांत इतिहासाचे विद्यार्थी बरोबर घेऊन मी वसईच्या किल्ल्यांत गेलों होतों. चिमाजीअप्पांच्या मोहिमेची हकीकत सांगून होते न होते तोंच एक बुद्धिमान विद्यार्थी म्हणाला, "सर, पोर्तुगीज काय, मराठे काय, इंग्रज काय, सारे आपापल्या पोटासाठींच लढले. बाकी सगळी पुस्तकी भाषा!" सोबती हंसले. हें उत्तर मला नवें नव्हतें. तें देणारे बहुधा हुशारच असतात.

या वृत्तीला सिनिसिझम म्हणतात. गंमत अशी कीं, 'सिनिक' हा शब्द कुत्रा या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघाला, आणि ज्या डायोजिनीसला तो चिकटला तो माझ्या विद्यार्थ्याहून अगदींच निराळा होता. ओंजळीनें पाणी पिणारें मूल पाहून त्यानें आपला प्याला फेकून दिला, अशी गोष्ट सांगतात. सद्गुण माणसाला शक्य आहे अशी त्याची खात्री होती. म्हणूनच तो ढोंग्यांवर भुंके. आजच्या सिनिकानें भुंकणें तेवढें ठेवलें. प्याला मात्र हातचा सोडला नाहीं.

मीं किल्ल्याचीच साक्ष काढली. १७३९ च्या मे महिन्यांत, हजारों माणसें खर्ची पडल्यावर वसई हातीं आली. तरीही शरण आलेल्या शिबंदीला मराठ्यांनीं शस्त्रांनिशीं, वाद्यें वाजवीत बाहेर पडूं दिलें. रहिवाशांना चीजवस्तु नेण्याची, आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्याची मुभा दिली. विजेत्याच्या औदार्याच्या आख्यायिकांवर सिनिकानें खुशाल हंसावें, मीही हंसतों. पावसाळा तोंडावर होता, किल्ला लवकर मिळणें सोयीचें होतें, हेंही खरें. पण याच वसईंत ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, होळकरांपुढें पुणें सोडून आलेल्या दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला आणि गादीसाठीं स्वातंत्र्य गहाण टाकलें. दोहोंच्या मुळाशीं स्वार्थच, असें म्हटलें कीं दोन्ही तह सारखे ठरतात. ज्या शब्दानें एवढा फरक दिसेनासा होतो, त्यानें इतिहासाचें कोणतें कोडें उलगडणार? संशय इतिहासकारालाही हवाच. पण त्याचा संशय कागद वाचून बदलूं शकतो, सिनिकाचा निकाल कागद उघडण्यापूर्वींच लागलेला असतो.

डायोजिनीसचा शिष्य क्रेटिस, आणि क्रेटिसचा शिष्य झेनो. या झेनोपासून स्टोइक पंथ निघाला. त्या पंथांतल्या एपिक्टेटसनें, आपल्या हातीं काय आहे आणि काय नाहीं, एवढाच प्रश्न धरून ठेवला. किल्ला पडेल कीं नाहीं हें कोणा एकाच्या हातीं नव्हतें. पडलेल्यांशीं कसें वागावें, हें मात्र त्या दिवशीं चिमाजीअप्पांच्या हातीं होतें.

विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. परत निघतांना मात्र त्यानें विचारलें, "सर, जे मागें राहिले त्यांचें पुढें काय झालें?" मीं तटाकडे बोट दाखविलें. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतलीं, घरीं मराठीच बोलणारीं, आमच्याच वर्गांतलीं दोन मुलें तेथें सावलींत बसून डबा खात होतीं.