तिसरी कॅसेट

१९८९ चा भाद्रपद. चाकूर. गणपतीच्या मांडवासमोर पोतं अंथरून तू बसला आहेस. मंडळानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्यानं आणलाय. दोन हिंदी पिक्चर झाले, मध्ये लाइट जाऊन आली, बायका निजलेली लेकरं खांद्यावर टाकून घरी गेल्या. तिसरी कॅसेट इंग्रजी आहे. हैदराबादला शिकणाऱ्या एका पोरानं ती लातूर रोड स्टेशनवर उतरताना पिशवीत घालून आणली. वर पेनानं लिहिलंय, द फ्लाय.

तुला इंग्रजी कळत नाही. शेजारच्या आबांना तर नाहीच. पण डेव्हिड क्रोनेनबर्गच्या १९८६ च्या या सिनेमात जे घडतं ते अंगावर घडतं, त्यामुळे फार अडत नाही. एक शास्त्रज्ञ आहे. एका पेटीतली वस्तू दुसऱ्या पेटीत पोचवणारं यंत्र त्यानं बनवलंय. आधी तो त्यात एक वानर घालतो, आणि पलीकडच्या पेटीत आतलं बाहेर आलेला, अजून हलणारा मांसाचा गोळा निघतो. पुढं एका रात्री तो स्वतःच आत शिरतो. त्याच्यासोबत आत गेलेली माशी तुला दिसते, त्याला दिसत नाही.

"आरं, माशी हाय की आत!" मागून कुणीतरी ओरडतं.

उशीर झालेला असतो. कंप्युटर दोघांचा मिळून एकच जीव बांधतो.

पहिल्यांदा त्याला ताकद येते, सगळे टाळ्या पिटतात. मग पाठीवर राठ केस उगवतात. मग आरशासमोर बोटाचं नख सुटून येतं, आणि तू नकळत स्वतःची बोटं मुठीत घेतोस. मग तो खाण्यावर पांढरा चिकट रस ओकतो. "बंद कर की ते! शिसारी यायलीय," आबा म्हणतात, पण उठत नाहीत.

सकाळी गूळखोबऱ्यावरच्या माश्या तूच हाकलत होतास. माशीला चावून खाता येत नाही. ती अन्नावर लाळ सोडते, ते पातळ करते आणि सोंडेनं शोषून घेते. क्रोनेनबर्गनं ही गोष्ट माणसाला लावली आणि रोज डोळ्यांसमोर असलेली माशी तुला आज पहिल्यांदा नीट दिसली.

तो पडद्यावरचा ओलेपणा कंप्युटरनं काढलेला नाही. ख्रिस वालस आणि त्याच्या माणसांनी रबराचे थर शास्त्रज्ञ झालेल्या जेफ गोल्डब्लमच्या अंगावर चढवले. शेवटच्या टप्प्यांना त्याला तासन् तास बसून राहावं लागे. १९८७ मध्ये वालस आणि स्टीफन डुपुई यांना रंगभूषेचं ऑस्कर मिळालं. मला ते हातकाम फार मोलाचं वाटतं. कुणीतरी आजार इतका बारकाईनं पाहिला असल्याशिवाय असं शरीर घडत नाही. एड्सच्या भीतीचे ते दिवस; पुष्कळांनी सिनेमा तसा वाचला. क्रोनेनबर्ग मात्र म्हणत आला की ही म्हातारपणाची, कुठल्याही जीवघेण्या दुखण्याची गोष्ट आहे.

आता नीट बघ. त्याचा कान गळून हातात येतो. तो घाबरतो. समोर त्याची बाई उभी आहे, जीना डेव्हिस. ती पळेल असं सगळ्या मांडवाला वाटतं. ती पुढं होते आणि त्याला कवटाळते.

मांडवातला गलका इथं थांबतो, आणि त्याचं कारण या गावांना पाठ आहे. आबांच्या पिढीनं महारोगी वेशीबाहेर बसलेला पाहिलाय, भाकरी लांबून टाकलेली पाहिलीय. बोटं झडतात असं लोक म्हणत. खरं म्हणजे जंतू नसा मारतात, जखम कळत नाही, ती चिघळत जाते आणि बोट आखूड होत जातं. वरोऱ्याला पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या रोग्याला पाहून मुरलीधर आमटे नावाचा वकील आधी पळालाच होता. पळाल्याची लाज वाटून तो परत आला, त्याच्यावर आडोसा केला, त्याला भरवलं. त्यातून पुढं महारोग्यांसाठीचं आनंदवन उभं राहिलं. आमट्यांनाही शिसारी आधी आली. ती यावीच लागते. जो सिनेमा तिथवरच नेऊन सोडतो तो मला पोकळ वाटतो. हा तिच्या पलीकडं नेतो. किळसवाण्या देहात अजून तोच माणूस आहे, हे हा सिनेमा तुला मान वळवू न देता दाखवतो.

शेवटी त्याच्यात माणसाचं काहीच ओळखू येत नाही. तो सरपटत येतो, तिच्या हातातल्या बंदुकीची नळी धरतो आणि स्वतःच्या डोक्याला लावतो. तिच्यानं होत नाही.

"मार बाई," आबा पुटपुटतात, "सोडव त्याला."

बार होतो. नावं वर सरकू लागतात. पोरगं कॅसेट काढायला उठतं, तर आबा त्याला हात करतात. "थांब. कान पडतोय तितून लाव पुन्यांदा."