चिंध्यांचा इतिहास



तारापूरचा इतिहास सांगावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा किल्ल्यापासून सुरुवात करतो. पोर्तुगीजांचा अंमल, १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने केलेला हल्ला, त्यात कामास आलेले बाजी भिवराव रेठरेकर, हे सारे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यानंतर विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी बंधूंचे नाव निघते. हैदराबादच्या निजामाला कर्ज देणारी ही पेढी. आणि मग एकदम १९६९ साल, अणुवीज. मी आज यांतल्या कशावरही बोलणार नाही. मी चिंध्यांवर बोलणार आहे. सभ्य श्रोत्यांपुढे हा विषय घेण्याबद्दल क्षमा मागावी असे मला वाटत नाही, कारण येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांची पहिली अंथरुणे चिंध्यांचीच होती.

कापसाचे कापड टिकत नाही. दगडावरचा लेख टिकतो, तांब्याचा पट टिकतो. लुगडे तीन पिढ्यांत माती होते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर एवढे कापड नेसले, विकले, जहाजांत भरले गेले, तरी त्याचा पुरावा शोधायला परक्या देशी जावे लागते. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या उकिरड्यांत गुजराती छापील सुती कापडाचे तुकडे सापडले. फिस्टर नावाच्या संशोधकाने १९३८ साली त्यांवर पुस्तक लिहिले. आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात असे सुमारे १२०० तुकडे आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांवर शिवणीच्या, जोडकामाच्या खुणा स्पष्ट दिसतात. म्हणजे आपल्या शेजारच्या प्रांताचे कापड समुद्रापार गेले, तेथे नेसले गेले, फाटले, कोणा अनाम बाईने ते पुन्हा जोडले आणि अगदीच निरुपयोगी झाल्यावर टाकले. कोरड्या हवेने ते राखले. आपल्याकडे चार महिने कोसळणाऱ्या पावसाने काही राखले नाही.

तरीही दगडाने एक साक्ष दिली आहे, आणि ती आपल्या फार जवळची आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. ज्या नद्यांवर त्याने प्रवाशांसाठी फुकट होड्यांची सोय केली त्यांची नावे तो देतो, आणि त्यांत दाहानुका हे नाव आहे. ही आपल्या डहाणूची नदी. त्याच लेण्यात त्याने भिक्षूंच्या वस्त्रांची व्यवस्था कोरून ठेवली आहे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेव, दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना बारा बारा म्हणजे तेवढेच. एक कवडी इकडची तिकडे नाही.

आता हे चीवर म्हणजे काय? आरंभी भिक्षूंचे वस्त्र पांसुकूल, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात पडलेल्या चिंध्या वेचून शिवलेले असे. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून बुद्धांनी गृहस्थांनी दिलेले कापड घेण्याची मोकळीक दिली. पण येथे एक मौज आहे. नवे कापड मिळाले तरी ते अखंड वापरायचे नाही. आधी कापायचे, तुकडे करायचे आणि मग जोडून शिवायचे. महावग्गात कथा आहे की बुद्धांनी मगधातली शेते पाहिली, बांधांनी आखलेली, चौकोनी, आणि आनंदाला विचारले की असे वस्त्र करता येईल का? आनंदाने ते केले. म्हणजे जोडकाम ही तेथे केवळ दारिद्र्याची खूण राहिली नाही. ती मुद्दाम पत्करलेली शिस्त झाली. सोपारे आणि कान्हेरी येथे या वस्त्रातली माणसे शतकानुशतके वावरली. भातखाचरे पाहत ती जात असतील तेव्हा आपल्याच अंगावरचा नकाशा त्यांना दिसत असेल.

पत्करलेली चिंधी आणि लादलेली चिंधी यांत मात्र अंतर आहे, आणि ते विसरून या विषयावर बोलू नये. गाडगे महाराजांना लोक गोधडेबाबा म्हणत. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हातात गाडगे. १९५६ साली ते गेले, तोवर धर्मशाळा आणि शिक्षणासाठी त्यांच्या शब्दावर मोठमोठ्या रकमा जमल्या होत्या. अंगावरचे ठिगळ मात्र त्यांनी सोडले नाही. ते सोडता येण्याजोगे होते म्हणूनच त्याला तेज होते. आमच्या आज्या गोधडी शिवत त्या व्रत म्हणून नव्हे. घरात पांघरुणे कमी आणि माणसे जास्त असत म्हणून.

लुगड्याचा घरातला प्रवास तुम्हांला ठाऊक आहे, तरी एकदा ओळीने सांगतो, कारण नव्या पिढीला हे शब्दही परके होत चालले आहेत. नऊवारी मध्ये झिजले की झिजलेला भाग काढून उरलेले तुकडे जोडायचे, याला दांड घालणे म्हणतात. दांडाचे लुगडे घरी नेसायचे. तेही विरले की चांगल्या भागातून मुलीचा परकर किंवा पोलके. उरले त्याचे बाळाचे दुपटे, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते. मग गोधडीचा थर. गोधडीतही न बसणाऱ्या धांदोट्यांचे चुलीजवळचे मसोते, आणि शेवटी पोतेरे. कापड फेकण्याची पायरीच या जिन्याला नव्हती.

गोधडी शिवण्याचा काळ वैशाखाचा. ऊन कडक, अंगण सारवून कोरडे, आणि पावसाची तयारी पुढे उभी. खाली एक धुतलेले लुगडे ताणून पसरायचे, कडांवर दगड ठेवायचे, मध्ये चिंध्या अशा मांडायच्या की कोठे उंचवटा नको, कोठे पोकळी नको. वर दुसरे लुगडे. मग कडेपासून धावदोरा घालीत आत यायचे. दिसायला सर्वांत सोपा टाका. परंतु चार-पाच थरांतून सुई सरळ काढणे आणि दोरा न आवळता, न सैल सोडता हातभर लांब ओळ नेणे ज्याने करून पाहिले त्यालाच त्यातले अवघड कळते. दोघी-तिघी शेजारणी बसत. एका गोधडीला दुपारच्या फावल्या वेळाचे आठ-पंधरा दिवस सहज जात.

हीच रीत निराळ्या नावांनी दूरवर आहे. घाटावर वाकळ म्हणतात. बंगालात कांथा आहे. उत्तर कानड्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे राहणारे सिद्दी, आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज, कवंदी शिवतात. त्याही कडेपासून फिरत फिरत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची फुले लावल्याशिवाय काम पुरे झाले असे मानीत नाहीत.

१९७४ साली, कॉलेजात इतिहास शिकत असताना, मला अवदसा आठवली. आमच्या घरी एक फार जड गोधडी होती. फाटली की तिला उसवीत नसत, वर नवे लुगडे घालून पुन्हा शिवीत. त्यामुळे जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात राही. उत्खननाचे वर्ग नुकतेच ऐकले होते. मी आजीला विचारले, उसवून पाहू का? ती म्हणाली, "बघ बापडा. पण परत शिवायचं कोण?" मी त्याकडे लक्ष दिले नाही.

थरावर थर निघाले. वरचे छापील कापड आईचे, मी ओळखले. त्याखाली आजीची दोन लुगडी. त्याखाली एक जाडेभरडे, रंग उडालेले कापड. आजीने बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाली, कंट्रोलचे. महायुद्धात, १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले होते. घरात लग्न असले तरी हवे ते कापड मिळत नसे. कंट्रोलच्या कापडाखाली गिरणीच्या तलम सुताचे तुकडे. मुंबईत दावरांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली चालू झाली. १८६४ च्या सुमारास आपल्या पालघर-बोईसरवरून आगगाडी धावू लागली. माझा तर्क असा की आपल्या बाजूला गोधड्या वाढल्या त्या यानंतर. कापड स्वस्त झाले म्हणून चिंध्या झाल्या. सगळ्यांत आतला थर हातमागाचा असावा. तो हाती घेताच सुटून गेला. आजीलाही तो कोणाचा हे सांगता आले नाही. तिच्या सासूच्याही आधीचे कोणीतरी.

येथे मला एका गोष्टीकडे वळले पाहिजे, जी गोधडीचे कौतुक करताना नेहमी राहून जाते. गोधडीला आधी फाटायला कापड लागते. रेल्वेच्या पूर्वेला, डोंगरांकडे, ज्याच्या अंगावर लंगोटीखेरीज काही नव्हते त्या वारली माणसाच्या घरात गोधडी कोठून येणार? थंडीत तेथे शेकोटीभोवती निजत. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांनी वेठबिगार करणार नाही असे ठरविले. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी "जेव्हा माणूस जागा होतो" मध्ये हा काळ लिहून ठेवला आहे. मायेची ऊब वगैरे शब्द वापरण्यापूर्वी आपण ते पुस्तक वाचावे.

ज्याच्याकडे चिंधी नव्हती त्याच्या हातात कसब नव्हते असे मात्र नाही. त्याने रानातले घेतले. वाळवून पोकळ केलेला दुधीभोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचे मेण. एवढ्यावर तारपा होतो. पावसात लावणीला वाकलेल्या पाठीवर बांबूचे आणि पानांचे इरले. लग्नात सवाशिणी शेणाने सारवून गेरू फिरविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, पालघट देवी मध्ये बसवीत. आणि लग्न झाले की ते चित्र पुसट होत जाई. जिव्या सोमा मशे यांच्या हातून १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली, जगभर गेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे मात्र, आमच्या गोधडीच्या आतल्या थराप्रमाणे, कोणाला सांगता येत नाहीत.

याच डहाणू तालुक्यात १९४५ साली, वारल्यांच्या त्या उठावाच्याच वर्षी, ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, ती खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने, बांबू यांची साधने केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा पाड्यातल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथला. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी पुढे कोसबाडला कुरणशाळा झाली. बायकांनी घरोघर जे शतकानुशतके केले होते, आहे त्यातून हवे ते घडविणे, त्याला या दोघींनी शिक्षणशास्त्रात जागा दिली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. माझ्या मते या जिल्ह्यात घडलेल्या गोष्टींत ही किल्ल्याच्या तोडीची आहे. पण किल्ल्याचा फलक आहे, अंगणाचा नाही.

आमच्या उसवलेल्या गोधडीचे सांगायचे राहिले. मी थर मोजले, प्रत्येकाला चिठ्ठी टाचली, वहीत टिपले आणि पुण्याला परत गेलो. ढीग तसाच पडला. वैशाखात आलो तेव्हा आजी अंगणात बसली होती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिने सगळे थर होते त्याच क्रमाने लावले होते. फक्त आतला, सुटून गेलेला, मुठीएवढा चुरा तिने एका जुन्या झबल्याच्या तुकड्यात बांधून मधोमध ठेवला होता. माझ्या चिठ्ठ्या काढून तिने डब्यात जपल्या होत्या. "धुताना कागदाचा लगदा होतो," ती म्हणाली, आणि मला सुईत दोरा ओवून द्यायला सांगितले.