पोलादपूरच्या कातळातील होकायंत्र

पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागले, की एका बाजूस सावित्रीचे खोरे खोल खोल जाते आणि दुसऱ्या बाजूस काळ्या कातळाच्या पायऱ्या महाबळेश्वराच्या दिशेने चढत जातात. घाटाच्या वळणांनी कासावीस झालेल्या प्रवाशाचे तिकडे लक्ष जात नाही. गेलेच, तर ‘दगडात काय पाहावयाचे?’ असे तो म्हणेल. पण या दख्खनी दगडाने एका फार मोठ्या वादात साक्ष दिली आहे.

वाद असा. खंडे एका जागी स्थिर नसून सरकत असतात, असे १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले. बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते हसण्यावारी नेले. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला, तेव्हाही त्याचे म्हणणे अमान्यच होते. पुरावा आणावा कोठून?

तो पुरावा चुंबकाने दिला. १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेडला विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळलेली दिसली आणि वीज व चुंबकत्व ही सख्खी भावंडे ठरली. पृथ्वीचेही तसेच. तिच्या पोटातील उष्णतेत कायमचा लोहचुंबक टिकूच शकत नाही. परंतु तेथील वितळलेल्या लोखंडाच्या घुसळणीतून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांच्या योगाने सारी पृथ्वी चुंबक बनते. या चुंबकाची एक खूण ध्यानात ठेवावी. मध्यावर मोकळी टांगलेली सुई चुंबकीय ध्रुवापाशी उभी राहते, विषुववृत्ताच्या आसपास आडवी होते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात वर उचलते. म्हणजे सुईच्या कलावरून अक्षांशाचा अंदाज बांधता येतो.

आता कातळाकडे वळू. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनची भूमी फाटून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात. शुद्ध मॅग्नेटाइट निवत निवत सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले, की चुंबकत्व धरू लागते, आणि धरते ते पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकत्वाच्या दिशेने. रस थिजला, तशी दिशाही थिजली!

१९५६ साली लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या कातळावरील मोजणी प्रसिद्ध केली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनीही या कामात भर घातली. रीत मोठी काटेकोर. दगड जागेवरून हलविण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा आणि आडवी पातळी यांच्या खुणा करावयाच्या. उंच माथ्यावरचे दगड शक्यतो टाळावयाचे. कारण तेथे वीज कोसळते आणि तिच्या प्रचंड प्रवाहाने जुनी नोंद पुसून नवी उमटते. अर्स्टेडचाच प्रयोग, पण आभाळाने केलेला!

दगडांनी उत्तर दिले ते असे: ते थिजले तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस तीसेक अंशांवर होती. महाड-पोलादपूर आज उत्तरेस १८ अंशांवर आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरांचा प्रवास या डोंगरांनी बसल्या जागी केला! वेगेनरच्या बाजूने जे साक्षीदार उभे राहिले, त्यांत आपला काळा पाषाणही होता.

नवल एवढ्यावर संपत नाही. घाटाच्या पायथ्याकडील थरांतील चुंबकत्व आजच्या मानाने उलटे आहे, तर महाबळेश्वरच्या माथ्यानजीकच्या थरांतील सुलटे. थर साचत असतानाच पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांनी जागा बदलल्या. १९०६ साली ब्रून या शास्त्रज्ञाने फ्रान्समध्ये अशा उलट्या दगडांची नोंद केली होती, आपली एस. टी. ती उलथापालथ रोज ओलांडून जाते.

या थरांना पुढे भूवैज्ञानिकांनी येथलीच नावे दिली: खालून वर पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. नावातच पोलाद असलेले हे गाव चुंबकाच्या इतिहासात शिरले, हा योगायोग गमतीचाच.

आपल्या घराच्या जोत्याला हाच दगड असेल. त्यातील कणांनी आपली दिशा अजून सोडलेली नाही. पण तो खाणीतून काढताना उत्तर कोणती, वरची बाजू कोणती, हे कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून त्याची साक्ष आता वाचता येत नाही. यंदा त्या जोत्यावर पणती ठेवताना हाताखालच्या दगडाकडे क्षणभर पाहावे. तो आपल्याहून फार लांबून आला आहे.