सातबारावरील तीन अक्षरे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण जे स्वतःवर आले, आणि त्यापायी विचारून, वाचून जे कळले, ते भगिनींपुढे ठेवते.

माझी बहीण व भाऊजी दोन वर्षांच्या अंतराने गेले. नऊ वर्षांची भाची आमच्या घरी घुग्घुसला आली. तिला पोटाशी धरताना कोणी कागद मागितला नाही. पण तिच्या वडिलांचे पैसे काढायला गेले, तेव्हा एका कचेरीत म्हणाले, "मावशी आपोआप पालक होत नाही. कोर्टाचा हुकूम आणा." फार राग आला. कायदा तसाच आहे, हे मागाहून कळले.

दुसऱ्याच्या लेकराचा कारभार बाईने सांभाळावा, हे आपल्या मुलखाला नवे नाही. चंद्रपूरचा गोंड राजा बीरशहा १७०४ च्या सुमारास मारला गेला. गादीला मुलगा नव्हता. राणी हिराईने चंदनखेड्याचा रामशहा दत्तक घेतला आणि त्याच्या वतीने राज्य चालविले. पतीची समाधी तिने बांधली. चैत्रात आपण यात्रेला जातो ते महाकालीचे देऊळही तिचेच, असे सांगतात. पुढे रामशहा स्वतः राज्य करू लागला.

राणीला कागदाची गरज पडली नसेल, आपल्याला पडते. इंग्रजी अमलात १८९० साली पालक व पाल्य कायदा झाला, तोच आजही लागू आहे. पालक नेमताना न्यायाधीशाने मुलाचे हित पाहावयाचे. मूल समजदार असेल तर त्याचे म्हणणेही ऐकता येते. मग १९५६ च्या हिंदू कायद्याने नैसर्गिक पालक ठरविले: आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. या एका शब्दापायी बाप हयात असता आईची सही कुठे चालेना.

१९७० साली विदर्भातल्याच एका शेतीचा खटला सुप्रीम कोर्टात निघाला. बाप हयात, पण वीस वर्षे वेगळा राहिलेला. मुलीचे शेत आईच मक्त्याने देत आली होती. कोर्टाने आईलाच पालक मानले. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावे रोखे घ्यायचे ठरविले, तर रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. त्या कोर्टात गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी निकाल लागला, की 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असे नव्हे. तो लक्ष घालीत नसेल, तर आई पालकच.

हे झाले आईचे. मावशीला अर्जावाचून गती नाही. मी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला. भाचीच्या काकांनी हरकत घेतली : "शेत आमच्या वाडवडिलांचे, ते परघरी का जावे?" त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. न्यायाधीशांनी मुलीला जवळ बोलावून विचारले. ती म्हणाली, "मी मावशीकडे राहीन, आणि दिवाळीला काकांकडे जाईन." काकांनी तिथेच डोळे पुसले.

हुकूम माझ्या नावे झाला. कोर्टाच्या परवानगीवाचून शेत विकता येणार नाही, हे बंधन आहेच. काकांचेही समाधान झाले. सातबारावर भाचीच्या नावापुढे 'अ. पा. क.' लागून माझे नाव आले. अज्ञान पालनकर्ता, असा त्याचा अर्थ. शेत तिचे, मी फक्त राखणारी.

येत्या चैत्रात तिला अठरावे वर्ष पूर्ण होईल. मग फेरफाराने ती अक्षरे व माझे नाव निघेल. त्या दिवशी तलाठ्याकडे मी स्वतः तिच्यासोबत जाणार आहे.

आपल्या वस्तीत आजी, आत्या, मावशीच्या आधाराने वाढणारी मुले आहेत. त्या भगिनींना सांगणे एवढेच, की अडचण येईपर्यंत थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना व मुलांना वकील फुकट मिळतो. एकटीने जायला संकोच वाटला, तर मला हाक मारा. मी वाट पाहिलेली आहे.