वल्ह्यापासून रोइंग मशीनपर्यंत : ओढण्याचा भार कुणी वाहायचा?

वाराणसीला गेलात तर पहाटे अस्सी घाटावर वल्ह्याच्या नावेत बसा आणि थोडा वेळ गंगेऐवजी नावाड्याकडे पाहा. (आता बऱ्याच नावांना इंजिने बसली आहेत, वल्हे मारणारा शोधावा लागेल.) तो एका फळीवर बसतो, आणि ती फळी जागची हलत नाही. पाय समोर रोवून तो पुढे वाकतो व मागे कलत वल्हे ओढतो. गुडघ्यांना फारसा वाव नसल्याने बराच भार धडावर येतो. वाकणे खुब्यातून झाले तर पाठ सरळ राहते. दमल्यावर मात्र ते कंबरेतून होऊ लागते, आणि दुखण्याला तिथे निमित्त मिळते.

जवळच तुळशी घाटावर स्वामीनाथ आखाडा आहे. नागपंचमीला तिथे जोडी-गदेच्या स्पर्धा होतात. जोडी फिरवणाऱ्याचे खांदे सगळ्यांना दिसतात. पण आधी त्याचे पाय पाहा, ते जमिनीत रुतल्यासारखे असतात. या शहराच्या आखाडा-परंपरेत मराठी माणसांचाही वाटा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मल्लविद्येचे गुरू बाळंभटदादा देवधर यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा काढला, असे परंपरा सांगते. बाळंभटदादांच्या नावाशी जोडलेल्या मल्लखांबातही कंबर वळते, पण पकड मांड्यांची असते. म्हणून आखाड्यात कुणाची कंबर दुखतच नसे, असे समजण्याचे कारण नाही.

नावाड्याची अडचण पाश्चात्त्य शर्यतींतील वल्हेकऱ्यांनाही होती. बैठकीवर घसरता यावे म्हणून काहीजण चामडी तुमानींना चरबी लावत. 1870च्या दशकात सरकती बैठक रूढ झाली आणि पायांची ताकद वल्ह्यापर्यंत पोहोचू लागली. अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये ड्रायसिगॅकर बंधूंनी 1981 मध्ये सायकलच्या चाकापासून व्यायामाचे यंत्र बनवले. आज जिममध्ये दिसणारी पंख्याची रोइंग मशीन बहुतांशी त्याच घराण्यातील आहेत.

म्हणजे नावाड्याला जे मिळाले नाही, ते तुम्हाला आयते मिळाले आहे. तरीही वसतिगृहाच्या जिममध्ये पाहा : मुले हातांनी हिसका देतात, पाठीची कमान करतात आणि सरकती बैठक नुसती मागेपुढे घसरत राहते. माझ्या मते यंत्राचा इतिहास कळला की ही चूक आपोआप खटकू लागते. क्रम असा ठेवा : आधी पायांनी फळी ढकला, मग खुब्यातून धड मागे न्या, शेवटी हात ओढा. परतताना नेमके उलट : हात, धड, पाय. गुडघे वर येण्याआधी हात त्यांच्या पलीकडे गेलेले हवेत. दमून पाठ गोल होऊ लागली की थांबा. आकडा पुरा करण्याचा हट्ट तिथे महागात पडतो. वाकून बारबेल ओढतानाही गुडघे किंचित वाकवा, खुब्यातून झुका, वजन अंगाजवळ ठेवा. कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट. पंख्याच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची तरफ असते. ती दहावर नेली म्हणजे व्यायाम चांगला होतो, हा गैरसमज आहे. दहावर ओढणे म्हणजे प्रवाशांनी गच्च भरलेली नाव ओढणे. सुरुवातीला तरफ तीन ते पाचच्या दरम्यान ठेवा.